आधी सायकलचा रस्ता मोकळा करा : शहरांचे रस्ते राखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शहरांचे रस्ते आखणारे, बांधणारे आणि राखणारे सर्व अभियंते व अधिकारी

महोदया/महोदय,
स. न. वि. वि.

गेली एकोणीस वर्षे मी कामावर सायकलने जाते. जाऊन-येऊन तेरा किलोमीटर. यातली बहुतेक वर्षे मुसळधार पावसाच्या आणि रणरणत्या उन्हाच्या प्रदेशात गेली, मधले तीन हिवाळे बर्फात. सायकलमार्गाच्या प्रत्येक बैठकीत आणि सुनावणीत एक वाक्य हमखास ऐकू येते, ते मला आता पाठ झाले आहे. "कल्पना चांगली आहे हो, पण आपल्याकडच्या हवेत कोण चालवणार सायकल?" उष्ण प्रदेशात उन्हाकडे बोट दाखवतात, ओल्या प्रदेशात पावसाकडे, थंड प्रदेशात बर्फाकडे. वाक्य तेच राहते आणि त्याच वाक्यावर फाईल मिटते.

हवेचा त्रास खरा आहे, तो मी सोसला आहे. पण त्या त्रासातला किती वाटा आभाळाचा आणि किती रस्त्याचा, हा हिशेब तुमच्यापैकी कुणी मांडलेला मी पाहिला नाही. म्हणून हे पत्र.

पावसापासून सुरुवात करते. माझ्या वाटेवर एक सखल चौक आहे. पाऊस थांबून तास-दीड तास झालेला असतो, रेनकोट काढून कॅरियरला अडकवलेला असतो, आणि त्या चौकात पाणी मात्र घोट्याएवढे उभे. रस्त्याला मधून कडेकडे उतार असतो, तो असायलाच हवा. पण त्या उतारावरून वाहून आलेले पाणी, गाळ, खडी, फुटक्या काचा हे सगळे ज्या कडेच्या दोन हातांत येऊन थांबते, नेमके तेच दोन हात सायकलसाठी सोडलेले असतात. मोटारी मधल्या कोरड्या, उंच भागावरून निघून जातात. सहा वर्षांपूर्वी त्या पाण्याखालच्या गटाराच्या जाळीत माझे पुढचे चाक बसले. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर होत्या आणि दोन पट्ट्यांमधली फट टायरपेक्षा रुंद. मी हँडलवरून पुढे फेकली गेले. उजवे मनगट मोडले, सहा आठवडे प्लॅस्टर. अपघाताच्या कागदावर कारण लिहिले गेले, "ओला रस्ता". त्या सकाळी पाऊस पडत नव्हता. तीच जाळी फिरवून आडवी बसवली असती तर चाक तिच्यावरून नुसते खडखडत गेले असते.

पाऊस पडतो तासाच्या हिशेबाने आणि साचून राहतो दिवसांच्या हिशेबाने. पडणे तुमच्या हातात नाही. साचणे आहे.

नेदरलँड्समध्ये सगळ्या फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून थोड्या जास्त फेऱ्या सायकलवर होतात, आणि तो काही कोरडा देश नाही. तिथे पाऊस वारंवार येतो. तरी एकूण वेळेच्या हिशेबाने प्रत्यक्ष पडण्याचा वेळ सात-आठ टक्क्यांच्या आसपासच भरतो. जिथे ऋतूच पावसाचा असतो तिथे हे प्रमाण त्या महिन्यांत पुष्कळ वाढते, हे मान्य. पण तिथेही पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीला पूर्ण भिजवणारी सर गाठेलच असे नाही, आणि गाठलीच तर रेनकोट आहे. नेदरलँड्समधल्याच ग्रोनिंगन शहरात काही सिग्नलना पावसाचे संवेदक बसवलेले आहेत. पाऊस सुरू झाला की सायकलींना हिरवा दिवा लवकर मिळतो, कारण मोटारीत बसलेला माणूस थांबला तरी कोरडाच असतो आणि सायकलवरचा भिजत असतो. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला भरून आले. तंत्र साधेच आहे, पण कुणीतरी सिग्नलचे वेळापत्रक लिहिताना भिजणाऱ्या माणसाचा विचार केला होता.

सायकलीकडूनही थोडी तयारी लागतेच. लांब मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर आणि रिमवर न घासणारा ब्रेक. ओल्या स्टीलच्या रिमवर रबरी गुटके जवळजवळ धरतच नाहीत, ड्रम किंवा डिस्क ब्रेक धरतात. ही तयारी ज्याची त्याने करावी, आणि लोक करतात. रंगाचा गुळगुळीत पट्टा आणि वळणावरचे लोखंडी झाकण मात्र ओले झाले की कुठल्याही ब्रेकला दाद देत नाहीत. ते तुमच्या खात्यातले आहे.

आता बर्फ. "थंड देशात सायकल अशक्य" म्हणणाऱ्यांनी फिनलंडमधल्या ओउलूकडे पाहावे. लोकसंख्या दोन लाखांच्या थोडी वर, आर्क्टिक वृत्ताच्या थोडेसेच खाली, हिवाळ्यात उणे २० अंश ही नवलाची गोष्ट नाही. तिथे वर्षभराच्या सरासरीत पाचांपैकी साधारण एक फेरी सायकलवर होते, आणि भर हिवाळ्यात हे प्रमाण उतरून १२ टक्क्यांच्या आसपास येते. उतरते, हे लपवायचे कारण नाही. पण उरते तेही अनेक समशीतोष्ण शहरांच्या उन्हाळी आकड्यापेक्षा जास्त आहे. हिवाळी सायकलिंगवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली याच गावात भरली.

हे कसे जमते? तिथली माणसे काही वेगळ्या मातीची नाहीत. १९७० च्या दशकापासून त्यांनी मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळे, सलग मार्ग बांधत आणले. आज त्यांचे जाळे सुमारे ९०० किलोमीटरचे आहे आणि मोठे रस्ते ओलांडायला ३०० च्या वर भुयारी मार्ग आहेत. बर्फ पडला की मुख्य सायकलमार्ग सकाळची शाळा-कामाची वेळ होण्याआधी साफ होतात. आणि ते डांबर दिसेपर्यंत खरवडत बसत नाहीत. खाली घट्ट दाबलेल्या बर्फाचा थर ठेवतात, दातेरी पात्याने त्याला रेघा पाडतात आणि वर बारीक खडी टाकतात. अशा कोरड्या, खरखरीत बर्फावर सायकल जवळजवळ मातीच्या घट्ट पायवाटेसारखी चालते. घातक असतो तो दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ. चाकाच्या चाकोऱ्या त्यात जशाच्या तशा दगडासारख्या होतात.

माझ्या तीन हिवाळ्यांत थंडीने मला फारसे अडवले नाही. उणे १० अंशांत ताशी २० किलोमीटरने चालवले की वारा उणे १८ सारखा झोंबतो हे खरे. बोटे आणि कान आधी हाका मारतात. पण दहा मिनिटांत अंगात ऊब येते, उलट जास्त कपडे घातले तर घाम फुटून नंतर हुडहुडी भरते. मला अडवले ते एका पांढऱ्या बांधाने. पहाटे यंत्र येई, मोटारींचा रस्ता स्वच्छ करी आणि तो सगळा बर्फ उजवीकडे ढकलून सायकलच्या पट्ट्यावर गुडघाभर उंचीचा बांध घालून जाई. मग पट्टा सोडून मोटारींच्या रांगेत घुसायचे, मागचा हॉर्न वाजवतोय, हातमोज्यात ब्रेक नीट दाबला जात नाही. तो बांध आभाळातून पडला नव्हता.

स्वीडनमधल्या लिनशॉपिंग येथे सायकलमार्गावरचा बर्फ फिरत्या ब्रशने झाडून वर मिठाचे पाणी फवारण्याची पद्धत रुळली आहे. त्याच देशात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, सायकलमार्गांची हिवाळी निगा सुधारली तर हिवाळ्यातल्या सायकल फेऱ्या १८ टक्क्यांनी वाढू शकतील आणि मोटारींच्या फेऱ्या ६ टक्क्यांनी घटतील. नुसत्या निगेने! नवा मार्ग नाही, नवा पूल नाही. सहा टक्के मोटारी रस्त्यावरून कमी करण्यासाठी तुम्ही उड्डाणपुलांवर किती ओतता, याचा अंदाज तुम्हालाच असेल.

कार्ल्स्कूगा नावाच्या स्वीडिश गावाची गोष्ट मला सर्वांत जवळची. तिथल्या नगरपालिकेने बर्फ काढण्याचा क्रम तपासला. आधी हमरस्ते, मग गल्ल्या, शेवटी पायवाटा आणि सायकलमार्ग, असा तो वर्षानुवर्षे चालत आला होता. त्यांच्या ध्यानात आले की हमरस्त्यावर गाडी चालवणारे बहुतांश पुरुष आहेत, आणि पायी, सायकलने, बसने जाणाऱ्यांत बायका जास्त आहेत, बऱ्याचदा मुलाला पाळणाघरात सोडून पुढे कामावर जाणाऱ्या. शिवाय दहा सेंटिमीटर बर्फातून मोटार निघते, बाबागाडी आणि सायकल निघत नाही. त्यांनी क्रम उलटा केला. आधी पाळणाघरांकडच्या वाटा, मग मोठ्या कामाच्या जागा, मग बाकीचे. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना मी त्याला पुढच्या सीटवर बसवून त्या पांढऱ्या बांधातून सायकल ओढत नेत असे. साफसफाईचा क्रम म्हणजे कागदावरची तांत्रिक बाब, असे मला तेव्हापासून वाटत नाही. कुणाची सकाळ मोलाची, याचा तो निर्णय असतो.

याच धोरणावर पुढे स्टॉकहोमची फजिती झाली, ती मी दडवणार नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथे शतकाहून जास्त काळात नोव्हेंबरात पडला नव्हता इतका बर्फ एका दिवसात पडला, शहर ठप्प झाले आणि सगळा राग या उलट्या क्रमावर निघाला. पण तेव्हा पायवाटाही मोकळ्या झालेल्या नव्हत्या. यंत्रे, माणसे आणि तयारी अपुरी पडली, तर कुठलाच क्रम कामी येत नाही. धोरण जाहीर करून यंत्रणा तशीच ठेवली तर काय होते, याचा तो धडा आहे.

ऊन मात्र सगळ्यांत अवघड आहे. इथे मी जपून लिहिते, कारण इथे जीव जाऊ शकतो. थंडीत कपडे चढवता येतात, उन्हात कातडीच्या आत कपडे उतरवता येत नाहीत. सायकल चालवताना पायडलला जेवढी शक्ती पोचते तिच्या साधारण तिप्पट उष्णता शरीरात तयार होते आणि उन्हात ती मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनातून बाहेर टाकावी लागते. हवा दमट असेल तर घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि न वाळलेला घाम गारवा देत नाही. हवेचे तापमान कातडीच्या, म्हणजे सुमारे ३५ अंशांच्या वर गेले की अंगावरून जाणारा वाराही तापवायला लागतो. म्हणून ४० अंश कोरडे आणि ३४ अंश दमट यांतले कुठले जास्त घातक, हे नुसत्या तापमापकावरून कळत नाही. अशा दिवसांत भर दुपारी सायकल चालवा असे मी कुणालाच सांगणार नाही.

पण उष्ण प्रदेशातही दिवसाला सकाळ असते. सपाटीवर ताशी पंधरा किलोमीटरने सायकल चालवायला लागणारे श्रम भरभर चालण्याइतकेच असतात आणि अंतर मात्र तिप्पट कापले जाते. म्हणजे उन्हात राहण्याचा वेळ एक तृतीयांश. विजेची मोटर असलेली सायकल घेतली तर श्रम आणखी कमी, आणि श्रम कमी म्हणजे अंगातली उष्णता कमी. उन्हाळ्यात मला खरे भाजून काढतो तो सिग्नल. चालत्या सायकलवर निदान वारा असतो. नव्वद सेकंद थांबले की खालच्या डांबराची धग चपलेच्या तळव्यातून वर येते, शेजारच्या मोटारींच्या वातानुकूलन यंत्रांचा गरम श्वास पोटऱ्यांवर येतो, हँडलची रबरी मूठ हाताला चिकटते. त्या चौकात पूर्वी एक मोठे झाड होते. त्याची सावली बरोबर थांबरेषेवर पडायची. डावीकडे वळणाऱ्या मोटारींसाठी एक जादा मार्गिका हवी म्हणून ते तोडले.

स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तिथे २००६ नंतरच्या काही वर्षांतच ८० किलोमीटरचे, मोटारींपासून कठड्याने वेगळे केलेले आणि एकमेकांना जोडलेले सायकलमार्ग झाले. आणि ज्या शहरात सायकल औषधालाही दिसत नसे तिथे रोजच्या फेऱ्या दहा पटींहून जास्त वाढल्या. हवामान तेच होते. त्यांनी तुकडे तुकडे बांधले नाहीत, सलग जाळे एकदम बांधले, हे मला त्यातले मर्म वाटते. अर्धा किलोमीटर उत्तम मार्ग आणि मग एकदम भरधाव वाहनांचा चौक, हा मार्ग कुठल्याही ऋतूत निरुपयोगीच असतो.

सावलीचे काम कसे करावे यावरही आता पुरेसा अनुभव जमा आहे. कोलंबियातल्या मेडेयिनने २०१६ पासून रस्ते आणि ओढ्यांच्या कडेने झाडांचे तीसेक हरित पट्टे उभे केले, आणि तिथले तापमान सुमारे २ अंशांनी उतरल्याची नोंद आहे. याउलट अमेरिकेतल्या फिनिक्सने रस्त्यांवर ऊन परतवणारा फिकट लेप दिला. दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग सहाएक अंशांनी थंड झाला खरा, पण परतलेले ऊन वरून जाणाऱ्याच्या अंगावर येऊ लागले आणि भर दुपारी माणसाला जाणवणारी उष्णता थोडी वाढलीच. रस्ता थंड करणे आणि माणूस थंड ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हैदराबादेत २०२३ साली वर्तुळाकार मार्गालगत २३ किलोमीटरचा सायकलमार्ग सौर पॅनेलच्या छताखाली झाला. छत, वीज आणि सावली एकत्र, कल्पना मला आवडते. पण सावली रोजच्या वाटेवर हवी, घर ते शाळा, घर ते बाजार, घर ते स्थानक. शहराबाहेरच्या वर्तुळावर ती व्यायामाच्या कामी येते, मोटारीची फेरी त्याने वाचत नाही.

मग सायकल मोटारीची जागा घेईल का? सगळी नाही. विजा कडाडत असताना, वादळात, पूर आलेल्या रस्त्यावर, उष्णतेच्या लाटेच्या दुपारी, धुरकट हवेच्या गुदमरत्या दिवशी सायकल घरी ठेवावी. त्या दिवसांसाठी चांगली बस आणि रेल्वे हवी, आणि कामावर उशिरा येण्याची मुभाही. आजारी माणूस, जड सामान, लांबचे गाव यांना गाडी लागणारच. ज्यांना गाडीशिवाय इलाज नाही, त्यांनाही रस्ता तेव्हाच मोकळा मिळेल जेव्हा ज्यांना इलाज आहे ते उतरतील. युरोपातल्या मोटारींच्या फेऱ्यांपैकी निम्म्या ५ किलोमीटरच्या आतल्या आहेत, असे युरोपीय आयोगाने १९९९ सालीच लिहून ठेवले होते. पाच किलोमीटर म्हणजे सायकलवर वीस मिनिटे. वीस मिनिटे सोसवणार नाही अशी हवा वर्षात किती दिवस असते, ते आपापल्या वेधशाळेच्या नोंदींतून मोजा. सरसकट "आपली हवा" म्हणू नका. दिवस मोजा, त्यातले शाळा-कामाच्या वेळेचे तास मोजा.

आणि मोटारही हवामानाला स्वतःच्या बळावर तोंड देत नाही. तिच्यासाठी तुम्ही पहाटे तीनला यंत्रे पाठवता, मीठ टाकता, पंप लावता, पावसाळ्याआधी खड्डे बुजवता, तिला उन्हात उभे राहायला लागू नये म्हणून तळघरे खोदता. हे सगळे काढून घ्या आणि मग विचारा, "आपल्याकडच्या हवेत कोण चालवणार मोटार?" सायकलला हे काहीच न देता रस्त्यात कुणी दिसत नाही म्हणून तुम्ही निकाल देऊन टाकता. उणे अंशांत, हिवाळाभरात मिळून सुमारे दोन मीटर बर्फ झेलणाऱ्या कॅनडातल्या मॉन्ट्रियलनेही २०२३ च्या हिवाळ्यात आपली सार्वजनिक सायकलसेवा पहिल्यांदा चालू ठेवली. आधी मार्ग साफ ठेवायची सोय केली, म्हणून ते शक्य झाले.

माझे मागणे मोठ्या निधीचे नाही. गटारांच्या समांतर पट्ट्यांच्या जाळ्या या ऋतूत फिरवा. सायकलमार्ग रस्त्याच्या पातळीपासून बोटभर तरी उचला, म्हणजे पाणी त्यावर थांबणार नाही. बर्फ काढायच्या, गाळ उपसायच्या वेळापत्रकात शाळेकडची वाट पहिली लिहा आणि ते वेळापत्रक लोकांना दिसेल असे लावा. चौकातल्या थांबरेषेवर झाड नाहीतर छत द्या, आणि ते वाढेपर्यंत सायकलचा हिरवा दिवा लवकर द्या. नव्या कार्यालयांच्या परवानगीत मोटारींच्या जागा मोजता तशी ओले कपडे वाळवायची दोरी आणि एक न्हाणीघर मोजा.

आणि एक विनंती. तुमच्यातल्या ज्यांनी रस्ते आखले त्यांनी ते कोरड्या, गार, सुट्टीच्या सकाळी पाहू नयेत. मोठ्या पावसानंतरच्या पहिल्या सकाळी, सात ते आठ, शाळा भरायच्या वेळी या. माझ्याकडे दुसरी सायकल आहे, तिच्या चाकांत हवा मी भरून ठेवीन. आपण त्या सखल चौकातून एकदा जाऊ. जाळी कुठे आहे ते मी आधी सांगेन.

कळावे,
आपली,
रोज सायकलने जाणारी एक नागरिक